तुटलेले डाउनलोड आणि ‘ही तीच फाइल का?’ : एका प्रश्नाचा इतिहास

१/
डाउनलोड ९३ टक्क्यांवर तुटते. आपण ते ‘रिझ्यूम’ करतो, उरलेले ७ टक्के येतात, फाइलचा आकारही बाइटगणिक जुळतो. तरी फाइल उघडत नाही. किंवा त्याहून वाईट, उघडते. आणि चारशे पाने वाचून झाल्यावर पुढे नुसते करडे चौकोन दिसू लागतात. असे का घडते याचे उत्तर जितके तांत्रिक आहे तितकेच ऐतिहासिक आहे. आजचा धागा त्या उत्तराविषयी.

२/
एखादी खंडित पोथी दुसऱ्या प्रतीवरून पूर्ण करायची झाली, तर अभ्यासकापुढे दोन प्रश्न असतात. हातातील मजकूर नेमका कुठे थांबला? आणि ज्या प्रतीवरून पुढचे उतरवायचे, ती त्याच पाठपरंपरेतील आहे का? पहिला प्रश्न मोजणीचा, दुसरा ओळखीचा. संगणकाच्या जगाने पहिला प्रश्न लवकर सोडवला. दुसऱ्याकडे लक्ष जायला बराच काळ लागला. आज डाउनलोड पुन्हा सुरू करताना ज्या त्रुटी भेटतात, त्यांतील बहुतेकींचे मूळ या दुसऱ्या प्रश्नात आहे.

३/
आरंभ १९७१ पासून करू. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले अभय भूषण तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी ‘आरएफसी ११४’ हे टिपण लिहिले. फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉलचा, म्हणजे एफटीपीचा, तो पहिला आराखडा. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची क्रमांकित टिपणे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती दफ्तरखान्यासारखी आहेत : नवा नियम आला तरी जुने टिपण पुसले जात नाही, ते आपल्या क्रमांकावर तसेच राहते.

४/
एफटीपीमध्ये खंडित प्रेषण पुन्हा सुरू करण्यासाठी ‘रेस्ट’ (रीस्टार्टचे संक्षिप्त रूप) ही आज्ञा होती. १९८५ च्या आरएफसी ९५९ मधील योजना अशी : पाठवणाऱ्या संगणकाने प्रवाहात मधूनमधून मैलाचे दगड पेरायचे, घेणाऱ्याने ते नोंदवून ठेवायचे आणि संपर्क तुटल्यास शेवटच्या दगडापासून पुढे चालायचे. मात्र ही सोय दोनच विशेष प्रेषणपद्धतींपुरती होती. सर्वत्र वापरात असलेल्या साध्या ‘स्ट्रीम’ पद्धतीला ती लागू नव्हती.

५/
नुसते बाइट मोजून काम का भागले नसते? कारण तेव्हाची यंत्रे एकसारखी नव्हती. एकाच मजकुराची लांबी दोन यंत्रांवर वेगळी भरू शकत असे. याचा एक अवशेष अजून टिकून आहे. विंडोजच्या मजकुरात ओळीचा शेवट दोन बाइटांनी दाखवतात, युनिक्समध्ये एका. एफटीपीच्या ‘आस्की’ पद्धतीत हे रूपांतर वाटेतच होते. त्यामुळे इथला दहा हजारावा बाइट तिथला दहा हजारावा बाइट असेलच असे नाही. आजही जुन्या एफटीपी सर्व्हरवरून फाइल घेताना ‘बायनरी’ पद्धत निवडा, असे सांगतात ते याचसाठी.

६/
प्रत्यक्षात प्रोग्रॅमर मंडळींनी नियमांची वाट पाहिली नाही. स्ट्रीम पद्धतीतही बाइट मोजून ‘रेस्ट’ वापरण्याचा प्रघात पडला. त्याला अधिकृत मान्यता मिळाली ती मार्च २००७ मध्ये, आरएफसी ३६५९ द्वारे. म्हणजे आरएफसी ९५९ नंतर जवळजवळ बावीस वर्षांनी. रूढी आधी आणि संहिता नंतर, हा क्रम कायद्याच्या इतिहासात आपल्या परिचयाचा आहेच.

७/
आता टेलिफोनच्या तारेकडे वळू. १९७७ मध्ये शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी ‘एक्समोडेम’ लिहिला. फाइलचे १२८ बाइटांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यासोबत त्याची बेरीज, म्हणजे चेकसम, पाठवायची. बेरीज जुळली नाही तर तो तुकडा पुन्हा मागवायचा. तारेवरील खरखरीवर हा उत्तम उपाय होता. पण फोनच कट झाला तर? मग आरंभापासून. एक्समोडेमला तुकड्याची स्मृती होती, फाइलची नव्हती.

८/
ती स्मृती १९८६ मध्ये चक फोर्सबर्ग यांच्या ‘झेडमोडेम’ने दिली. टेलिनेट या नेटवर्क कंपनीसाठी तयार झालेला हा प्रोटोकॉल सार्वजनिक वापरासाठी खुला ठेवला गेला. त्यात ‘क्रॅश रिकव्हरी’ होती : घेणारा संगणक सांगे, ‘माझ्याकडे इतके बाइट आहेत’, आणि पाठवणारा तिथून पुढचे पाठवू लागे. फाइलच्या मजकुरावरून काढलेला सीआरसी हा पडताळणीचा आकडा मागवून जुळवून पाहण्याची तरतूदही त्यात होती. ओळखीचा प्रश्न इथे प्रथमच ठळकपणे डोकावतो. पण ती तरतूद ऐच्छिक होती. नेहमीच्या वापरात भरवसा लांबीवरच.

९/
या टप्प्याचा भारताशी थेट संबंध आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यातील ‘शेल’ खाते हे केवळ मजकुराचे खाते होते. दूरची फाइल एफटीपीने आधी निगमाच्या युनिक्स संगणकावर उतरे आणि तिथून झेडमोडेमने घरच्या संगणकावर येई. दोन प्रवास, दोन प्रोटोकॉल आणि पुन्हा सुरू करण्याच्या दोन वेगळ्या रीती. फाइल बिघडली तर ती कोणत्या टप्प्यात, हे आधी शोधावे लागे.

१०/
दाव्यावर काय होते ते आकड्यांत पाहू. २८.८ केबीपीएसचा मोडेम पूर्ण वेगाने चालला तरी १० मेगाबाइटची फाइल यायला सुमारे ४६ मिनिटे लागत. ५६ केबीपीएसवर ७०० मेगाबाइटच्या सीडीला जवळजवळ २८ तास. फोनचे बिल वेगळे, आणि त्या वेळात घरातील कोणी दुसऱ्या खोलीतला रिसीव्हर उचलला की संपर्क तुटलाच. पुन्हा सुरू करण्याची सोय त्या पिढीला चैन वाटणे शक्यच नव्हते. तिच्याविना मोठी फाइल मिळतच नसे.

११/
दरम्यान वेब आले. मे १९९६ मध्ये नोंदवलेल्या एचटीटीपी १.० मध्ये फाइलचा तुकडा मागण्याची सोय नव्हती. ती आली जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये, ‘रेंज’ या शीर्षकाने. ब्राउझर विचारतो : ‘७,३४,००,३२० क्रमांकाच्या बाइटापासून पुढचे द्या.’ (मोजणी शून्यापासून असल्याने, हाती तितके बाइट असतील तर पुढच्या बाइटाचा क्रमांकही तोच येतो.) सर्व्हरला हे मान्य असेल तर तो २०६ या संकेताने उत्तर देतो : ‘हा घ्या अंश.’

१२/
याच संहितेत ओळखीच्या प्रश्नालाही ठोस उत्तर मिळाले. सर्व्हर प्रत्येक फाइलला ‘ईटॅग’ नावाची मुद्रा देऊ शकतो. फाइल बदलली की मुद्रा बदलते. जोडीला ‘इफ-रेंज’ हे शीर्षक आले. त्याचा आशय असा : ‘मुद्रा तीच असेल तर उरलेला अंश द्या, बदलली असेल तर अख्खी फाइल पहिल्यापासून द्या.’ १९७१ च्या आराखड्यापासून इथवर यायला पाव शतक लागले. मोजणी आणि ओळख आता एकाच वाक्यात बसल्या.

१३/
नियम झाला म्हणजे तो पाळला गेला असे नव्हे. ‘डब्ल्यूगेट’ हे ह्रवोये निकशिच यांचे १९९६ चे साधन घ्या. त्याच्या ‘-सी’ या पर्यायाने अर्धवट डाउनलोड पुढे चालू करता येते. पण त्याची स्वतःची पुस्तिकाच बजावते की, स्थानिक तुकडा हा दूरच्या फाइलचाच आरंभ आहे याची खात्री करण्याचे साधन डब्ल्यूगेटजवळ नाही. मधल्या काळात सर्व्हरवरची फाइल बदलली, तर जुन्या आवृत्तीचे डोके आणि नव्या आवृत्तीचे धड एकत्र येते. आकार जुळतो, फाइल मात्र कधी कोणी तयारच केली नव्हती अशी असते.

१४/
आता त्रुटींचे संकेत वाचू. प्रत्येक संकेत हा सर्व्हरने लिहिलेला एक छोटा दस्तऐवज आहे.
२०६ : अंश येत आहे, म्हणजे ठीक.
२०० : आपण अंश मागितला, सर्व्हरने अख्खी फाइल पाठवली. एक तर त्याला रेंज समजत नाही किंवा फाइल बदलली आहे. अशा वेळी आलेला मजकूर जुन्या तुकड्याला चिकटवणे ही घोडचूक. आरंभापासूनच लिहायला हवे.
‘कर्ल’ हे साधन इथे ३३ क्रमांकाची त्रुटी दाखवून थांबते. त्याची १८ क्रमांकाची त्रुटी मात्र वेगळी : फाइल वाटेत तुटली, पुन्हा प्रयत्न करा.

१५/
४१६ : मागितलेला अंश अस्तित्वातच नाही. हा संकेत १९९७ च्या संहितेत नव्हता. तो जून १९९९ च्या आरएफसी २६१६ मध्ये आला. याची दोन कारणे नेहमी आढळतात. एक, फाइल आधीच पूर्ण आलेली असते आणि आपण शेवटाच्या पुढचा बाइट मागत असतो. दोन, सर्व्हरवरची फाइल आता आपल्या तुकड्याहून लहान झाली आहे, म्हणजेच ती बदलली आहे. म्हणून ४१६ दिसताच फाइल पुसू नका. आधी आकार ताडून पाहा.

१६/
४०३ : अनेक संकेतस्थळे मोठ्या फाइलसाठी ठरावीक मुदतीचा दुवा देतात. रात्री तुटलेले डाउनलोड सकाळी सुरू केले तर दुवा मेलेला असतो, फाइल मात्र जिवंत असते. नवा दुवा मिळवून तो जुन्या तुकड्याला जोडावा लागतो.
याहून फसवे प्रकरण वसतिगृहाच्या किंवा स्थानकाच्या वाय-फायचे. लॉगिनची मुदत संपली की नेटवर्क फाइलऐवजी लॉगिनचे पान पाठवते. बेसावध साधन ते पान फाइलच्या पोटात शिवून टाकते. ग्रंथाच्या मध्यभागी परक्या हाताने घातलेला हा प्रक्षेपच.

१७/
कधी कधी मुद्राच दगा देते. अपाचे हा दीर्घकाळ लोकप्रिय असलेला वेब सर्व्हर पूर्वी ईटॅग तयार करताना डिस्कवरील ‘आयनोड’ क्रमांकही वापरत असे. एकच फाइल चार सर्व्हरांवर ठेवली की तिला चार वेगळ्या मुद्रा मिळत. परिणाम उलटा : फाइल तीच असूनही ‘बदलली’ असा निवाडा आणि डाउनलोड पुन्हा शून्यापासून. अपाचेच्या २.४ आवृत्तीपासून केवळ बदलाची वेळ आणि आकार यांवरून मुद्रा काढण्याची पद्धत मूलभूत ठरली.

१८/
सुविधेचा गैरवापरही झाला. ऑगस्ट २०११ मध्ये ‘अपाचे किलर’ नावाने ओळखला गेलेला हल्ला उघडकीस आला. एकाच विनंतीत एकमेकांवर चढणारे असंख्य अंश मागून सर्व्हरची स्मृती संपवायची, अशी त्याची रीत होती. सर्व्हरचालकांना अशा मागण्यांवर मर्यादा घालाव्या लागल्या. एखादा सर्व्हर रेंज नाकारतो तेव्हा त्यामागे प्रत्येक वेळी अज्ञान नसते. कधी सावधगिरीही असते.

१९/
दोष नेहमी पलीकडचाच असतो असेही नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘गेटराइट’सारखे डाउनलोड मॅनेजर आले. पुढे अशा अनेक साधनांनी एकच फाइल अनेक भागांत एकाच वेळी उतरवण्याची पद्धत रूढ केली. ती आरंभीच पूर्ण आकाराची जागा अडवून ठेवू शकतात आणि भाग जसे येतील तसे भरत जातात. अशी अर्धवट फाइल बाहेरून पूर्ण दिसते, आत मात्र भगदाडे असतात. ती दुसऱ्या साधनाच्या हाती दिली तर ते केवळ लांबी पाहते आणि ‘काम झाले’ म्हणते. ज्या साधनाने आरंभ केला, शेवटही त्यानेच करावा.

२०/
वीज गेल्यावरही असेच. फाइलची लांबी नोंदली गेलेली असते, पण शेवटचे काही बाइट डिस्कवर पोहोचलेले नसतात. त्यांच्या जागी नुसती शून्ये असू शकतात. पुढचे डाउनलोड त्या शून्यांनंतर जोडले जाते. जुन्या मॅनेजरांपैकी काहींत यासाठी ‘रोलबॅक’ असे : पुन्हा सुरू करताना थोडे मागे जाऊन शेवटचा भाग नव्याने घ्यायचा. विस्मृतीत गेलेली, पण शहाणपणाची रीत.

२१/
काही अडथळे आकड्यांच्या मर्यादेतून आले. ३२ बिटांच्या चिन्हांकित संख्येत २,१४,७४,८३,६४७ पलीकडे मोजता येत नाही. म्हणून जुनी साधने २ गिगाबाइटच्या उंबरठ्यावर अडखळत. डब्ल्यूगेटने ही मर्यादा २००५ च्या १.१० आवृत्तीत ओलांडली. ‘फॅट३२’ स्वरूपाच्या डिस्कवर आजही एका फाइलची कमाल लांबी ४,२९,४९,६७,२९५ बाइट आहे. मोठे डाउनलोड दर वेळी ४ गिगाबाइटपाशीच मरत असेल, तर नेटवर्कला दोष देण्याआधी पेनड्राइव्ह कोणत्या स्वरूपात आहे ते तपासा.

२२/
ओळखीचा प्रश्न मुळापासून सोडवण्याचे प्रयत्नही झाले. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्रू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ‘आरसिंक’ आणले. ते दोन्ही टोकांच्या फाइलींचे खंड चेकसमने जुळवून पाहते आणि जेवढे वेगळे तेवढेच पाठवते. २००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी ‘बिटटोरंट’ आणले. त्यात प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, आधीच जाहीर असतो. तुकडा कोणाकडूनही आला तरी ठशाशी जुळला तरच स्वीकारायचा. ‘कुठे थांबलो?’ हा प्रश्न तिथे उरतच नाही. हाती असलेले तुकडे तपासले की काय उरले ते आपोआप कळते.

२३/
पण साध्या डाउनलोडमध्ये हा अंतिम पुरावा आपणच मागावा लागतो. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला एमडी५ आणि २००२ मध्ये अमेरिकी मानक म्हणून मान्य झालेला एसएचए-२५६ या हॅशच्या दोन प्रचलित रीती. एका बाइटाचा फरक पडला तरी ठसा बदलतो. २००४ मध्ये एकच एमडी५ असलेल्या दोन वेगळ्या फाइली बनवून दाखवल्या गेल्या. त्यामुळे जाणीवपूर्वक केलेल्या बनावटीविरुद्ध एमडी५ चालत नाही. तारेवर अपघाताने झालेला बिघाड मात्र तो आजही ओळखतो. पुरावा कोणत्या शंकेसाठी पुरेसा आहे, हा विवेक आपल्याला नवा नाही.

२४/
हे सारे इतिहासप्रेमींना का सांगायचे? कारण आपली साधने आता याच वाटेने येतात. जुने गॅझेटियर, वृत्तपत्रांचे अंक, हस्तलिखितांच्या प्रतिमा : शेकडो मेगाबाइटच्या फाइली. आपण त्या एकदा उतरवतो, मित्रांना देतो, मूळ दुवा पुढे नाहीसा होतो. मग आपली प्रतच साधन ठरते. तिच्या मध्यावरची वीस पाने एका चुकीच्या ‘रिझ्यूम’ने गेली असतील, तर दहा वर्षांनी कोणी म्हणेल की मूळ ग्रंथातच ती पाने नव्हती. झीज झालेला कागद निदान झीज दाखवतो. फाइलचा बिघाड पान उघडेपर्यंत लपून राहतो.

२५/
म्हणून क्रम असा ठेवावा. आधी आकार ताडावा. मग सर्व्हरचा संकेत वाचावा : २००, ४१६ की ४०३. शंका आली तर शेवटचा भाग छाटून मागून घ्यावे, किंवा धीराने आरंभापासून घ्यावे. शेवटी हॅश जुळवावा. इंटरनेट अर्काइव्हवर प्रत्येक ग्रंथाच्या फाइलींच्या यादीत एमडी५ दिलेला असतो, आणि २०१२ पासून तिथे टोरंटही मिळतात. मोठ्या ग्रंथासाठी तो मार्ग अधिक भरवशाचा. विंडोजवर ‘सर्टयुटिल’ आणि लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’ ही साधने आयतीच असतात.

२६/
शेवटची एक विनंती. जुळलेला हॅश, डाउनलोडची तारीख आणि दुवा एका छोट्या मजकूर फाइलमध्ये लिहून ती मूळ फाइलशेजारी ठेवा. जुने लेखनिक नक्कल पुरी झाल्यावर शेवटी तिथी, स्थळ आणि आपले नाव लिहून ठेवत. त्या चार ओळींच्या आधारेच आज आपण त्यांच्या प्रतीचा काळ ठरवतो. तुमची प्रत ज्याच्या हाती जाईल, त्याला ‘ही तीच फाइल का?’ हे तुम्हाला विचारता येणार नाही.

धागा समाप्त.